दुपारी दोनला आलेलं कासव

माहे, सेशेल्स
18 नोव्हेंबर

तीर्थरूप अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही हसलात. "दिवसाढवळ्या कासव? ऊन लागलंय तुला," म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. आईने जेवणाखाण्याचं विचारलं आणि माझी गोष्ट राहूनच गेली. म्हणून सगळं लिहून पाठवतोय.

मंगळवारी दुपारी दोनला मी हॉटेलच्या मागे केबल ओढत होतो. तिथे पुळणीच्या कडेला ताकामाकाची झाडं आहेत. ताकामाका म्हणजे आपली उंडी हो! तीच जाड पानं, तीच गोल फळं. पाहिलं तेव्हा मलाही क्षणभर आपल्या बंदरावर असल्यासारखं वाटलं होतं. तर त्या उंडीखाली फस्स फस्स वाळू उडत होती. आधी वाटलं कुत्रं आहे. वाकून बघतो तर कासव. पोपटासारखी बाकदार चोच, पाठीवर कौलांसारखी एकावर एक चढलेली खवलं आणि त्यांवर पिवळ्या-तपकिरी ज्वाळा. आपल्या ऑलिव्ह रिडलेहून अंगाने बरंच थोराड. डोक्यावर टळटळीत ऊन आणि ही बाई निवांत खड्डा खणतेय. मागचा एक पाय आत घालायचा, ओंजळभर वाळू अलगद बाहेर टाकायची, मग दुसरा पाय. तुम्ही दाखवलं होतंत तसंच. फरक शेवटी कळला. आपलं कासव घरटं बुजवून झालं की दोन्ही अंगांवर आपटून वाळू थोपटतं ना? हिने तसलं काही केलं नाही. नुसती पुढच्या वल्ह्यांनी वाळू उधळत राहिली आणि निघून गेली.

हे हॉक्सबिल. इथले लोक याला 'कारे' म्हणतात. जगात बहुतेक ठिकाणी हेही रात्रीच अंडी घालतं, पण इथे मात्र दिवसा येतं. आणि हाच त्याचा घात झाला. पाठीवरच्या त्या खवल्यांचे कंगवे, डब्या, चष्म्याच्या काड्या व्हायच्या. भर उन्हात समोर येऊन बसलेल्या जनावराला धरायला कंदील नको की जागरण नको. आमच्याकडे बागेत काम करणारे म्हातारबुवा आहेत, त्यांचे वडील हेच काम करायचे. ते सांगतात की लहानपणी घरात खवलं तासल्याचा भुगा पडलेला असायचा. 1994 साली सरकारने कासव मारणं पूर्ण बंद केलं. कारागिरांना नुकसानभरपाई देऊन त्यांच्याकडचा माल विकत घेतला आणि 1998 मध्ये तो साठा जाहीरपणे पेटवून दिला. बुवा म्हणतात, वास बरेच दिवस नाकातून गेला नाही. त्यांना अजून थोडं वाईट वाटतं, पण परवा त्या कासवाभोवती पाहुणे जमले तेव्हा सर्वांत मोठ्याने ओरडून त्यांना मागे हटवलं ते बुवांनीच! मला आपल्या गावची ती माणसं आठवली, आधी अंडी उकरणारी आणि आता तुमच्याबरोबर पहाटे माग शोधत फिरणारी. तुम्ही नावं घेत नाही, पण मला माहीत आहेत.

मागच्या महिन्यात कझिन बेटावर जाऊन आलो. जेमतेम फेरी मारण्याएवढं बेट. 1968 मध्ये एका छोट्या पक्ष्यासाठी विकत घेतलं, कारण तो पक्षी जवळपास तिथेच उरला होता. फायदा कासवांचाही झाला. उंदीर नाही, मांजर नाही, कोल्ह्याचं तर नावच नको. अंडी बहुतेक जागच्या जागी ठेवतात, फक्त उधाणाचं पाणी चढेल तिथली हलवतात. पांढऱ्या सुरय पक्ष्याचं अंडं तर उघड्या फांदीवर, घरट्याशिवाय! दूर नैऋत्येला अल्डाब्रा बेट आहे. तिथे हिरव्या कासवांना 1968 पासूनच संरक्षण आहे आणि त्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली. तिकडे जाणं आपल्या खिशाचं काम नाही.

आता माझी तक्रार. गेल्या मोसमात इथली पिल्लं समुद्राऐवजी पार्किंगच्या उजेडाकडे गेली. सकाळी गवतात वाळून पडलेली पिल्लं मी स्वतः उचलली, आणि त्यांच्यावरचा पांढरा लख्ख दिवाही मीच बसवलेला. तुम्ही रात्री टॉर्च लावू देत नव्हतात, सगळं माहीत होतं, तरी कागदावर सही होती म्हणून लावला. यंदा मी बुटके, झाकण असलेले तांबडे दिवे मागितले. निम्मे मिळाले. पाहुण्यांना पुळण उजळलेली हवी असते म्हणे.

आणि अंडी राखायच्या हॅचरीवर झावळ्यांची सावली घालायची की नाही हा तुमचा वाद मिटला का? इथलेही तेच सांगतात, वाळू जास्त तापली की साऱ्या माद्याच निघतात. म्हणजे उंडीखालची जागा तिने बरी निवडली.

आईला सांगा, डाळ मिळते इथे, गुजराती दुकान आहे. गुडघ्याला तेल लावत जा. तुमचा मोसम सुरू होईलच. पहिलं घरटं सापडलं की अंडी किती ते कळवा. माझ्या घरट्यातली पिल्लं साधारण संक्रांतीच्या आसपास निघतील. तोवर पार्किंगच्या त्या दिव्यात काहीतरी बिघाड आहे आणि मला तो सापडत नाहीये.

तुमचा,
बाळू