रिपोर्ट नॉर्मल आला, पुढचं कोण बघणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

३१ जानेवारी २०२५ ला गहुंजेच्या मैदानावर भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी सामना झाला. शेवटच्या षटकात जेमी ओव्हरटनचा चेंडू शिवम दुबेच्या हेल्मेटवर आदळला आणि नंतर क्षेत्ररक्षणाला त्याच्याऐवजी हर्षित राणा उतरला. राणाने तीन बळी घेतले, आपण जिंकलो आणि मग वाद पेटला तो एवढ्याच मुद्द्यावर की अष्टपैलूच्या जागी निव्वळ गोलंदाज कसा चालतो. आमच्या डेपोच्या कॅन्टीनमध्येही तेच. ज्याच्या डोक्याला लागलं त्याला पुढे कोण तपासतं, तो परत कधी आणि कशाच्या आधारावर खेळतो, हे मात्र कुणी विचारलं नाही. खेळाडूच्या मागे निदान डॉक्टर आणि फिजिओ उभे असतात. पुण्यात रोज दुचाकीवरून पडणाऱ्यांच्या मागे कोण असतं, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मी पीएमपीएमएलमध्ये, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेत, कंडक्टर आहे. ड्युटी संपवून घरी जाताना धनकवडीत कुत्रं आडवं आलं आणि मी गाडीसकट पडले. डोक्यात हेल्मेट होतं. (पुण्यात हेल्मेटचा विषय निघाला की भांडण ठरलेलं, म्हणून आधीच सांगते: मी घालणाऱ्यांतली आहे आणि पुढेही घालणार.) पण हेल्मेटने कवटी वाचली तरी आत मेंदूला बसणारा हिसका पूर्ण थांबत नाही. काही क्षण मी कुठे आहे तेच कळेना, मग उलटी झाली. जवळच्या एका खासगी रुग्णालयात सीटी स्कॅन झाला, रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी "रिपोर्ट नॉर्मल आहे, आराम करा" असं सांगून गोळ्यांसह घरी पाठवलं.

इथपर्यंत सगळं बरोबरच झालं. मेंदूत रक्तस्राव नाही ना, हाड मोडलं नाही ना, हे बघायला सीटी स्कॅन असतो आणि ते आधी बघायलाच हवं. पण ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, त्यात मेंदूचं कामकाज विस्कटलेलं असतं आणि ते या चित्रात दिसत नाही. बहुतेक माणसं दोन आठवडे ते महिनाभरात आपोआप बरी होतात. जी होत नाहीत त्यांच्या हातात तोच नॉर्मल रिपोर्ट राहतो, आणि मग त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

मी त्यातली एक. कुशीवर वळलं की खोली फिरायची. कात्रज चौकात दोन्ही बाजूंनी गाड्या वाहायला लागल्या की पोटात ढवळायचं. मान आखडलेली, दुपारनंतर डोकं जड, आणि भरल्या गाडीत तोंडी हिशेब करणारी मी, दुकानात सुटे पैसे मोजताना अडायची. सासूबाईंनी दृष्ट काढली. शेजारणीने ॲसिडिटीवर काढा दिला. कामावर "चांगली रजा मिळाली" असं हसत हसत बोलून झालं. पुन्हा दाखवायला गेले तेव्हा गोळी बदलून मिळाली आणि "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला. टेन्शन होतंच, पण कुशीवर वळल्यावर खोली फिरत होती ती काही टेन्शनमुळे नाही.

माझी भाची फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने हट्टाने मला सहकारनगरच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये नेलं. तिथल्या मॅडमनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि मलाच तपासायला घेतलं. मान एका बाजूला वळवून मला झटकन आडवं केलं आणि डोळ्यांत बघत राहिल्या. खोली गरकन फिरली, तेव्हा माझी बुबुळंही झटके देत होती, भाचीला ती दाखवून त्या म्हणाल्या, "हे बघ." आतल्या कानात तोल सांभाळणारे कॅल्शियमचे बारीक कण असतात. डोक्याला मार बसला की ते कधी कधी जागचे सुटतात आणि भलत्याच नळीत शिरतात. ते परत जागी आणण्यासाठी डोकं ठरावीक क्रमाने फिरवायचं असतं, एपली नावाच्या डॉक्टरांनी शोधलेली ती पद्धत आहे. त्याला ना औषध लागतं ना यंत्र. दोन-तीन भेटींत कुशीवरची भोवळ गेली. इतके आठवडे मी ज्यासाठी गोळ्या खात होते, त्यावर इलाज होता तो दहा-पंधरा मिनिटांचा!

पण बाकीचं राहिलंच होतं. मॅडमनी मान तपासली, डोळे तपासले, मग ट्रेडमिलवर चालवून नाडीचे ठोके मिनिटाला किती झाले की डोकं चढू लागतं ते मोजलं. ही पद्धत अमेरिकेतल्या बफेलो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी रुळवली. जितक्या ठोक्यांना त्रास वाढतो त्याच्या साधारण ८० ते ९० टक्क्यांपर्यंतच रोज चालायचं आणि हळूहळू ती मर्यादा वर न्यायची. माझ्यासाठी हे नवीनच होतं, कारण तोवर सगळ्यांनी पडून राहायलाच सांगितलं होतं. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला या विषयावरच्या तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचा निष्कर्ष असा की पहिले एक-दोन दिवस सोडले तर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याने फायदा होत नाही, सोसेल तेवढी हालचाल लवकर सुरू करावी. व्यायामाने त्रास थोडा वाढला तरी चालतो. त्रासाला आपणच दहापैकी गुण द्यायचे, ते दोनाहून जास्त वाढू नयेत आणि वाढलेला त्रास तासाभरात उतरावा, एवढं बघायचं. हा हिशेब मला लगेच कळला.

मग त्यांनी विचारलं, "तुमचं काम नेमकं कसं चालतं ते करून दाखवा." मी क्लिनिकच्या मधोमध उभी राहिले. पाठ सीटच्या कडेला टेकलेली, एक हात वरच्या दांडीला, नोट बघायला मान खाली, प्रवाशाकडे वर, स्टॉप कोणता आला म्हणून खिडकीकडे, मागून कुणी ओरडलं की मागे, मध्येच ब्रेक. एका फेरीत मान इतकी वळते हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. व्यायाम ठरले ते यातूनच. आधी भिंतीवरच्या एका अक्षरावर नजर ठेवून मान डावी-उजवी. मग तेच, पण पाय जुळवून फोमच्या गादीवर उभं राहून. मग गादीवर उभं राहून तिकिटांचा हिशेब तोंडी, भाची प्रवासी: "दोन कात्रज, एक भारती विद्यापीठ, पाचशेची नोट." संध्याकाळी रस्त्याच्या कडेला उभं राहून वाहत्या गाड्या बघायच्या, आधी थोडा वेळ, मग वाढवत. पुढे दुपारच्या मोकळ्या बसमध्ये प्रवासी म्हणून बसून दोन स्टॉप, मग उभ्याने. तिकिटाचं मशीन हातात आलं ते सगळ्यात शेवटी. गर्दीच्या वेळेच्या स्वारगेट फेरीवर मला अजून पूर्ण भरवसा नाही, पण मी कामावर आहे.

क्लिनिकच्या बाकावर माझ्या शेजारी बसणारा हिंजवडीचा एक मुलगा होता. तोही गाडीवरून पडलेला, सीटी स्कॅन नॉर्मल. त्याचा कान अगदी ठीक होता. पेन नाकाजवळ आणलं की त्याला फार लवकर एकाची दोन पेनं दिसायची, आणि कॉम्प्युटरसमोर बसला की कपाळ ठणकायचं. त्याचे व्यायाम डोळ्यांचे होते आणि कामाचे तास तुकड्यातुकड्यांनी वाढवलेले. कॉलेजातली एक कबड्डीपटू यायची, तिला अर्धशिशीचा त्रास आधीपासूनचा. तिच्यासाठी झोपेची वेळ, ट्रेडमिल आणि गोळ्यांवर नियंत्रण. साधी वेदनाशामक गोळीसुद्धा महिन्यात पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस घेत राहिलं, तर काही महिन्यांनी त्या गोळीनेच डोकं दुखायला लागतं, हे मला तिच्यामुळे कळलं. एका काकांना समुपदेशनाची गरज होती, गाडीचा हॉर्न ऐकला तरी त्यांना घाम फुटायचा. आम्हा चौघांच्या कागदावर आजाराचं नाव एकच. माझे व्यायाम त्या मुलाला दिले असते तर त्याचा वेळ वाया गेला असता, आणि त्याचे मला दिले असते तर मी अजून भिंतीला धरून चालत असते.

हा एखाद्या मॅडमचा हातगुण नाही. कॅनडात कॅलगरीला २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्यांची चक्कर, मानदुखी, डोकेदुखी रेंगाळली होती अशा ३१ तरुणांपैकी काहींना मान आणि तोल यांवर नेमके उपचार दिले, बाकीच्यांना नेहमीचा आराम आणि साधे व्यायाम. आठ आठवड्यांत पहिल्या गटातले ७३ टक्के खेळायला परवानगी मिळण्याइतके बरे झाले, दुसऱ्यातले ७ टक्के. ३१ माणसं म्हणजे आमच्या एका बसच्या सीटसुद्धा भरत नाहीत, हे मान्य. पण फरक बघा. बफेलोच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये शंभराहून जास्त किशोरवयीन खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात बेताने चालणारी मुलं साधारण १३ दिवसांत बरी झाली, नुसतं स्ट्रेचिंग करणारी १७ दिवसांत. तिथे फरक लहान आहे, आणि तो दुखापतीनंतर लगेच व्यायाम सुरू केल्याचा आहे. मला त्यापेक्षा कॅलगरीचा प्रयोग जवळचा वाटतो, कारण ती माणसं माझ्यासारखी अडकून पडलेली होती.

आता मागणं. डिस्चार्जच्या कागदावर मराठीत चार ओळी छापायला काय लागतं? महिनाभरात भोवळ, डोकेदुखी, विसरभोळेपणा गेला नाही तर मान, कान, डोळे तपासून घ्या, आणि त्यासाठी कुठे जा. हे "कुठे" महत्त्वाचं, कारण आज माणूस मेंदूच्या डॉक्टरांकडून कानाच्या, तिथून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फिरतो आणि प्रत्येक जण आपापला भाग ठीक आहे म्हणून सांगतो. ससून, कमला नेहरू किंवा पिंपरीच्या वायसीएम या सरकारी-पालिकेच्या रुग्णालयांमध्ये आठवड्यातून एक दिवस हे सगळे एकत्र बसले तरी पुष्कळ होईल. फिजिओथेरपीची इतकी कॉलेजं या शहरात आहेत, मुलं शिकतात, आणि भाची म्हणते की असे पेशंट त्यांना बघायला मिळत नाहीत. तिकडे पेशंट म्हणतात, बघणारं मिळत नाही.

पैशांचंही बोलायला हवं. केंद्राच्या २०२५ च्या कॅशलेस योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळतात, पण अपघातापासून सात दिवस. जीव वाचवायला ते योग्यच आहे. ज्याची भोवळ महिन्यानंतरही थांबत नाही त्याला त्या सात दिवसांचा काय उपयोग? मेडिक्लेमचा सहसा एकच प्रश्न, ॲडमिट होता का? फिजिओथेरपीला जाऊन-येऊन होणारा खर्च बहुतेक पॉलिसींत बसत नाही. मी सोसायटीचं कर्ज काढलं. ज्या मावश्या चार घरची धुणीभांडी करतात त्या काय काढणार?

आणि फिटनेसचा दाखला. त्यावर दोनच शब्द असतात, फिट किंवा अनफिट. मला मधला पाहिजे होता: चार तास, बसून, गर्दी नसलेल्या वेळी. मॅडमनी तसं लिहून दिलं, तर कार्यालयात तो कागद कुठल्या रकान्यात बसवायचा हेच कुणाला कळेना. शेवटी एका साहेबांनी माणुसकीने काही आठवडे टेबलाचं काम दिलं. हे साहेबांच्या मर्जीवर राहू नये. कारखाने, शाळा, कंपन्या, सगळीकडे टप्प्याटप्प्याने रुजू होण्याची सोय नियमात हवी.

एक सावधगिरीची सूचना कृपया कापू नका. मार लागल्यावर डोकेदुखी वाढतच गेली, उलट्या थांबल्या नाहीत, झटके आले, माणूस झोपेतून नीट जागा होईना, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले किंवा नाका-कानातून पाणी-रक्त आलं, तर व्यायाम वगैरे काही नाही, थेट इमर्जन्सी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजी-आजोबांच्या बाबतीत तर यातलं काही दिसण्याची वाटसुद्धा बघू नये.

आपली नम्र,
पीएमपीएमएलची एक कंडक्टर, धनकवडी, पुणे

(नाव छापू नये ही विनंती. कुणा वाचकाला क्लिनिकची माहिती हवी असेल तर कात्रज-शिवाजीनगर गाडीत विचारावं, पण गर्दीच्या वेळी नको.)