कलासंग्रहालय आणि नागरिकांचा शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कलासंग्रहालये लोकाभिमुख व्हावीत, असे सर्वत्र म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ मुलांची चित्रकला स्पर्धा, एखादे व्याख्यान आणि मोफत प्रवेशाचा एक दिवस एवढाच उरतो. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २०२२ मध्ये प्राग येथे स्वीकारलेल्या व्याख्येत समाजाच्या सहभागाचा स्पष्ट उल्लेख आहे. हा सहभाग तिकीटविक्रीवरून मोजता येईल, असे मला वाटत नाही.

अमेरिकेतील डेट्रॉइट इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्समध्ये मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा यांनी १९३२-३३ मध्ये रंगवलेली २७ फलकांची भित्तिचित्रे आहेत. उत्तरेकडील भिंतीवर मोटारीचे इंजिन आकार घेत आहे आणि यंत्रांच्या दाटीत पाठ वाकवून, जोर लावून खपणारे कामगार अगदी पुढे आहेत. चित्रे खुली होताच त्यांच्यावर धर्मनिंदेचा व साम्यवादी प्रचाराचा आरोप झाला आणि ती पुसून टाकण्याची मागणीही झाली, पण ती टिकली. पुढे २०१२ मध्ये डेट्रॉइट व परिसरातील तीन काउंट्यांच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) मतदारांनी या संग्रहालयासाठी दहा वर्षे मालमत्ता कर भरण्यास मतपेटीतून मान्यता दिली आणि त्या बदल्यात रहिवाशांना प्रवेश विनामूल्य झाला. वर्षभरातच शहर दिवाळखोरीत गेले, धनकोंची नजर शहराच्या मालकीच्या या संग्रहातील चित्रांवर गेली आणि एकीकडे निवृत्त कर्मचाऱ्यांचे पेन्शन, दुसरीकडे चित्रे असा पेच उभा राहिला. (असा पेच पडावा, हीच मुळात शोकांतिका.) अखेर २०१४ मध्ये राज्य सरकार, धर्मादाय प्रतिष्ठाने व देणगीदार यांच्या पैशांतून संग्रह वाचला आणि पेन्शनमधील कपातही सौम्य झाली. २०२० मध्ये मतदारांनी कराला पुन्हा कौल दिला. ज्यांनी खिशातून पैसे दिले, त्यांना संग्रह आपला वाटत होता, असाच याचा अर्थ मी लावतो.

बहुतेक दालनांत मात्र चित्राशेजारच्या पाटीवर चित्रकाराचे नाव, साल, माध्यम आणि आकार एवढेच असते. चित्र कोणाच्या सांगण्यावरून काढले गेले, पैसे कोणी मोजले, त्यात दिसणारी माणसे कोण आणि वस्तू संग्रहात आली कशी, हे नागरिकाला पडणारे प्रश्न तिथे अनुत्तरितच राहतात. अभिप्रायाची वही दाराशी असते, पण तिचे पुढे काय होते ते कळत नाही.

म्हणून संग्रहालयांनी निदान एका दालनाची मांडणी आणि पाट्यांचा मजकूर आसपासच्या रहिवाशांबरोबर बसून ठरवावा, आणि कोणत्या सूचना का स्वीकारल्या वा नाकारल्या, हे त्याच दालनात लिहून लावावे.

आपला,
एक वाचक