डेट्रॉइटचं स्टेशन आणि आपली शकुंतला

ती. बाबा आणि आई, साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोटो बघून तुम्ही विचारलंत ना की एवढी मोठी बिल्डिंग कसली, ते इथलं जुनं रेल्वे स्टेशन आहे, मिशिगन सेंट्रल. फोनवर पूर्ण सांगणं होत नाही म्हणून लिहितेय.

१९१३ ला सुरू झालं, न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल ज्यांनी केलं त्याच आर्किटेक्ट लोकांनी केलेलं, खाली भला मोठा वेटिंग हॉल आणि मागे १८ मजली ऑफिसची इमारत. डाउनटाउनपासून लांब बांधलं, कारण नदीखालून कॅनडात जाणारा रेल्वेचा बोगदा १९१० मध्येच झाला होता आणि त्याची लाइन तिकडून जाते. लोक ट्रामने येतील असा हिशोब होता, पार्किंगचा विचारच फारसा नव्हता. मग ट्राम गेल्या, घरोघरी कार आल्या, आणि ५ जानेवारी १९८८ ला शेवटची ट्रेन सुटली.

त्यानंतर ३० वर्षं नुसते हाल. तांबं, दिवे, संगमरवर, जे निघेल ते लोकांनी काढून नेलं, तळघरात पाणी साचलं, २००९ मध्ये तर सिटी कौन्सिलने पाडायचा ठरावच केला होता. वाचलं हे नशीबच म्हणायचं. २०१८ ला फोर्डने विकत घेतलं आणि जून २०२४ ला ते लोकांसाठी उघडलं.

काम कसं केलंय ते बघायला तुम्ही खरंच हवे होतात बाबा! वेटिंग हॉलच्या कमानदार छताला २९,००० टाइल्स आहेत, त्यातल्या फक्त १,३०० बदलाव्या लागल्या, बाकी सगळ्या साफ करून तिथेच ठेवल्या. दगडासाठी इंडियानातली जुनी खाण शोधली, जिथून पहिल्यांदा दगड आला होता तीच. प्लास्टरचं काम करताना भिंतीत बियरची बाटली सापडली, आत चिठ्ठी, जुलै १९१३ मध्ये हे छत आम्ही लावलं असं लिहून दोन कामगारांनी आपली नावं टाकलेली. आणि फोर्डने घेतल्यावर एकाने नाव न सांगता फोन केला की स्टेशनचं घड्याळ अमुक ठिकाणी ठेवलंय, घेऊन जा. २० वर्षांहून जास्त काळ कोणीतरी ते सांभाळलं होतं.

पण मला मनापासून वाटतं की काम अजून अर्धंच झालंय. आत ऑफिसं आली, कार्यक्रम होतात, पण ट्रेन थांबत नाही, शिकागोची गाडी शहरातल्या दुसऱ्याच छोट्या स्टेशनवरून सुटते. आता मागच्या बाजूला ट्रेन आणि बससाठी नवीन थांबा करायचा प्लॅन आहे, पुढे कॅनडाची गाडीही इथून जावी असं चाललंय. ते झालं तर खरं.

हे सगळं बघताना सारखी आपली शकुंतला, ती नॅरोगेजची छोटी गाडी, आठवते. यवतमाळ ते मूर्तिजापूर, कापूस मुंबईला आणि तिथून बोटीने मँचेस्टरला जावा म्हणून टाकलेली लाइन, इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ चं, ते १९९४ पर्यंत धावलं. आता गाडी बंद, आणि ब्रॉडगेज होणार हे आपण कधीपासून ऐकतोय. व्हायलाच पाहिजे, दारव्ह्याच्या माणसाला परवडेल अशा तिकिटात जाता यायला पाहिजे, नुसतं म्युझियम करून काही उपयोग नाही. पण ब्रॉडगेज करताना जुनं सगळं भंगारात घालतील याची मला फार भीती वाटते. इथे निदान घड्याळ परत आलं, आपल्याकडे एकदा भंगारवाल्याकडे गेलेलं परत येत नाही.

म्हणून बाबा, एक काम करा. तुमच्या ओळखीतले जे रिटायर्ड रेल्वेवाले आहेत त्यांना विचारा, कोणाकडे जुनी तिकिटं, कंदील, टाइमटेबल, काही आहे का. असेल तर नीट ठेवायला सांगा आणि फोटो काढून मला पाठवा, कुठल्या स्टेशनचं आणि कोणत्या साली वापरात होतं ते सोबत लिहायला विसरू नका. आई, बाबांच्या मोबाईलचा कॅमेरा धूसर येतो, तुझ्याच फोनवर काढ.

तुमची,
मनू