खाऊ संपेल तशी बॅगेत जागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुटीत जळगाव, धुळे, भुसावळहून सहलींना निघणाऱ्यांच्या बॅगा जातानाच ठासून भरलेल्या असतात. मग म्हैसूरची साडी, काश्मीरची शाल येताना पिशव्यांत कोंबावी लागते. बॅगेचा चौथा हिस्सा पहिल्यापासून मोकळा ठेवा. आठ दिवसांना चार जोड पुरतात. पातळ सुती कपडे रात्री धुऊन, कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळले की सकाळपर्यंत वाळतात. जीन्स वाळत नाही, ती एकच आणि तीही अंगावर.

खरी जागा अडते खाऊने. शेव-चिवडा वजनाला हलका, पण स्टीलचा डबा रिकामा झाला तरी तेवढाच राहतो. म्हणून दशम्या फडक्यात आणि शेव, शेंगदाण्याची चटणी जाड पिशव्यांत न्या. खाऊ संपेल तशी जागा होते.

विमान असेल तर देशांतर्गत प्रवासात बहुधा १५ किलोची मोठी बॅग आणि ७ किलोची हातातली. हातात धरायच्या काट्यावर घरीच वजन करा, विमानतळावर जादा किलोचे पैसे पडतात. लोणचे मोठ्या बॅगेत, पॉवर बँक मात्र हातातल्याच बॅगेत.

– एक वाचक, भुसावळ