पेट्रोलचा वास येतोय म्हणालास, त्याबद्दल

मालवण

मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. होडीत पेट्रोलचा वास येतो, थेंब कुठे दिसत नाही, आणि वेग वाढवला की होडीच्या मागे टांगलेलं मशीन खाडीच्या मध्यावर दम टाकतं, असं लिहिलंयस. कार्बोरेटर (पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) खोलायला एवढ्यात कोणाला बोलावू नकोस. या तिन्ही खुणा एकत्र दिसतात तेव्हा दोष बहुतेक वेळा टाकी आणि मशीनच्या मधल्या दोन मीटर पायपात असतो.

थेंब का दिसत नाही ते आधी समजून घे. मशीनचा पंप टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. त्यामुळे मशीन चालू असताना टाकीपासून पंपापर्यंतच्या सगळ्या वाटेवर बाहेर ढकलणारा दाब नसतो, उलट ओढ असते. तिथे भेग असली तर पेट्रोल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. सावकाश चालताना पेट्रोल कमी लागतं म्हणून भागतं. वेग वाढवायला थ्रॉटल उघडलास की हवेचे बुडबुडे आणि पेट्रोल मिळून जातं आणि मशीन उपाशी पडतं. मशीन बंद केलंस की तीच भेग उन्हाने तापलेल्या टाकीच्या दाबाने हळूहळू पाझरते, आणि थेंब जमायच्या आत वाफ होऊन जातो. म्हणून गळती चालत्या मशीनवर शोधायची नाही. मशीन बंद ठेवून, दाब देऊन शोधायची.

हात लावण्याआधी होडी किनाऱ्याला ओढून घे, वाऱ्याच्या तोंडावर ठेव आणि तळातल्या फळ्या काढून अर्धा तास उघडी राहू दे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीनचार पटीने जड असते. उभ्या माणसाच्या नाकाला काही कळत नाही आणि तळात मात्र ती पाण्यासारखी साचलेली असते. वास तळाशी वाकून घे. सेल्फ स्टार्टची बॅटरी असेल तर वाफ असताना तिची क्लॅम्प ओढू नकोस, ठिणगी तिथेच पडते. आधी वारा लागू दे, मग बॅटरी सोडव. तळात सांडलेलं पेट्रोल असेल तर तळाचा पंप चालू करून खाडीत सोडायचं नाही. चिंध्यांनी टिपून घे, त्या चिंध्या उघड्यावर वाळव. बिडीवाल्या मदतनिसाला त्या दिवशी सुट्टी दे. जवळ दोन किलोचं पावडरचं अग्निशामक ठेव, पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतून उपयोग नाही.

आता टाकी आणि मशीनच्या मधल्या पायपातला, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघड, पाईप मशीनला जोडलेला असू दे. फुग्यावर बाण असतो, त्याचं टोक मशीनकडे हवं. फुगा उभा धर, बाण वर, आणि दाब. रिकामा पाईप भरायला आठदहा दाब लागतात, मग फुगा लिंबासारखा घट्ट होतो. घट्ट झाला की हात काढून दहा मिनिटं थांब. तसाच घट्ट राहिला तर फुग्याच्या पुढची वाट ठीक आहे.

घट्टच होत नसेल, किंवा दोन मिनिटांत सैल पडत असेल, तर मशीनकडचा कनेक्टर, म्हणजे पाईप मशीनला लावायचा जोड, काढ आणि पुन्हा दाब. सुट्या कनेक्टरचं तोंड आतल्या गोळीने बंद होतं. आता फुगा घट्ट राहिला तर दोष मशीनच्या आत आहे. अजूनही सैल पडला तर दोष फुग्यात, पायपात किंवा त्या कनेक्टरात आहे. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम होतं, आणि तिला पैसा लागत नाही.

फुगा सैल पडतोय पण कुठेच ओल नाही, असं झालं तर फुग्याच्या आतली टाकीकडची झडप परत सोडते आहे. आग लागण्याचं भय नाही, पण सकाळी मशीन सुरू व्हायला वेळ लागतो. फुगा उघडून दुरुस्त होत नाही, बदलायचा.

ओल शोधण्यासाठी पांढरा टिश्यू पेपर घे. टू-स्ट्रोक मशीन असल्याचा इथे फायदा होतो. पेट्रोल उडून जातं, त्यात मिसळलेलं टू-टी ऑइल मागे राहतं. प्रत्येक जोड आधी कोरडा पुसून घे, फुगा दाब, पाच मिनिटांनी नव्या कागदाने एकेक जोड टीप. ज्या जोडावर कागदाला निळसर किंवा हिरवट, बोटाला चिकट डाग पडेल तो तुझा जोड. पेट्रोल खाली वाहत जातं, म्हणून सर्वांत खाली लटकलेल्या थेंबाला दोष देऊ नकोस, ओली असलेली सर्वांत वरची जागा बघ.

टाकी ते फुगा हा तुकडा मात्र या तपासात सुटतो, कारण फुगासुद्धा तिथून ओढूनच घेतो. त्यासाठी पाईप दोन्ही टोकांनी सोडव, आतलं पेट्रोल टाकीत रिकामं कर, आणि टाकीच्या बाजूने सायकलच्या पंपाने हलकी हवा भर. मशीनकडचं टोक कनेक्टरमुळे बंदच असतं. पाईप पाण्याच्या बादलीत बुडव आणि वाकवून बघ, विशेषतः टोकापासून चार बोटं अंतरावर. सरळ असताना बंद राहणारी भेग वाकवल्यावर बुडबुडे सोडते. जोर करू नकोस, दोनचार हलक्या दाबांत काम होतं. नंतर पाईप वाऱ्यावर पूर्ण सुकव, आत पाण्याचा थेंब राहता कामा नये.

कनेक्टरकडे सगळ्यांत आधी बघ असं मी सांगेन. त्याच्या आत एक छोटी ओ-रिंग (रबराचं गोल कडं) असते. वाळू, मीठ आणि रोजची काढघाल यांनी ती चपटी होते. बोटाने चाचप, गोल लागायला हवी. कडेला सपाट धार लागली तर गेली. सुटी ओ-रिंग मिळते, पण पेट्रोलला चालणारीच हवी. नळाच्या दुकानातली पाण्याची रिंग दोन दिवसांत फुगून तोंडातच अडकते. शक्यतो अख्खा कनेक्टरच बदल.

आता पंपावर बहुतेक ठिकाणी वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या जातीचं रबर त्यात मऊ पडतं किंवा आतून सोलतं, आणि ते तुकडे फिल्टरमध्ये जातात. नखाने दाबून पाईप चिकट लागला, किंवा उलट कडक होऊन वाकवल्यावर बारीक रेषा दिसल्या, तर टोक कापून पुन्हा बसवण्याची काटकसर करू नकोस. टोक गेलं म्हणजे बाकीचाही गेलाय. नवा घेताना मरीन फ्युएल होज माग, आणि आतला व्यास जुन्या पायपावरूनच मोजून घे, बहुधा सहा किंवा आठ मिलिमीटर. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी स्वस्त असते, पण काही महिन्यांत काचेसारखी कडक होते. तपासापुरती ती उपयोगी आहे. फुग्याच्या पुढे वीतभर तुकडा घालून मशीन चालव, बुडबुडे दिसले तर हवा त्याच्या मागे कुठेतरी शिरते आहे. बघून झालं की काढून टाक.

पाईप धारदार पात्याने काटकोनात काप, करवतीने नाही, रबराचा भुसा आत राहतो. टोकाला टू-टीचा थेंब लाव आणि जोडाच्या नळकांड्यावर मुळापर्यंत ढकल. क्लिप नळकांड्याच्या उंचवट्याच्या मागे यायला हवी, त्याच्यावर नाही. एवढ्या बारीक पायपावर स्क्रूची मोठी क्लिप गोल बसत नाही, एका बाजूला फट राहते. कानाची, पकडीने दाबायची स्टेनलेसची क्लिप घे. तारेने आवळायची आपल्याकडे फार सवय आहे. तार रबर कापते आणि महिन्याभराने तिथूनच गळती सुरू होते. टेफ्लॉन टेपही नको, तिचे धागे थेट कार्बोरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकात, जाऊन बसतात.

दोष मशीनच्या आत निघाला तर आवरण काढून आधी फिल्टरची वाटी बघ. तिची रिंग पिळलेली किंवा प्लॅस्टिकला केसाएवढी चीर असते. मग कार्बोरेटर. फुगा दाबल्यावर हवा घेण्याच्या तोंडातून पेट्रोल ठिबकायला लागलं तर आतली नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) बंद होत नाही. पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवताना कार्बोरेटर रिकामा केला नसेल, तर नारळी पौर्णिमेनंतर हे हमखास होतं. पेट्रोल उडतं, मागे राळेसारखा थर राहतो आणि नीडल त्यात चिकटते. आधी कार्बोरेटरच्या वाटीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक कर, कधी तेवढ्यानेही सुटते. नाही सुटली तर खालचा स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बरणीत घे. बरणीत तळाला वेगळा थर दिसला तर आत पाणी शिरलंय, टाकीही रिकामी करायला हवी. वाटी काढ, नीडलचं टोक उजेडात धर. टोकाभोवती चपटं कडं उमटलं असेल तर नीडल बदल. वाटीच्या जोडातलं गॅस्केट दर वेळी नवं घाल, जुनं फुगलेलं असतं आणि खाचेत परत बसत नाही. वाटीचे स्क्रू अ‍ॅल्युमिनियममध्ये जातात, समोरासमोरचे थोडेथोडे आवळ.

फ्युएल पंपाचा डायफ्राम (आतला पातळ पडदा) फाटला तर बाहेर काही दिसत नाही, पेट्रोल आतल्या आत क्रँककेसमध्ये, म्हणजे मशीनच्या पोटात, जातं. मशीन धूर ओकतं, प्लग ओला निघतो. तुझ्या भावाचं फोर-स्ट्रोक आहे, त्याला सांग, तिथे हेच पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं. डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर गेली आणि तेलाला पेट्रोलचा वास आला, तर मशीन सुरू करायचं नाही. पंप आणि तेल दोन्ही बदलल्यावरच.

टाकीबद्दल एक राहिलं. चोवीस लिटरची टाकी काठोकाठ भरून उन्हात ठेवलीस आणि पेट्रोल वीस अंशांनी तापलं, तर ते जवळजवळ अर्ध्या लिटरने वाढतं. झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद आणि पाईप जोडलेला असला तर ते वाढलेलं पेट्रोल फुगा, फिल्टर, नीडल सगळं ढकलत मशीनमधून होडीत उतरतं. हीसुद्धा गळतीच, पण दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नसतं. टाकी चार बोटं रिकामी ठेव, होडी लावली की पाईप मशीनवरून काढ, टाकी सावलीत ने. टाकीलाच चीर असेल तर एम-सील लावू नकोस. त्या प्लॅस्टिकवर ते धरत नाही, वाळल्यावर पापुद्र्यासारखं सुटतं. टाकी नवीच घ्यायची. भरताना ती होडीतून काढून जमिनीवर ठेव. टू-टी पन्नासाला एक असेल तर चोवीस लिटरला ४८० मिली.

सगळं जोडलं की पुन्हा तीच दहा मिनिटांची फुग्याची कसोटी. मग किनाऱ्यालगत मशीन पाण्यात सोडून पाच मिनिटं सावकाश चालव, बंद कर, कागदाने प्रत्येक जोड टीप. त्यानंतर पंधरा मिनिटं पूर्ण थ्रॉटल, पण पोहून येता येईल एवढ्याच अंतरात. परत आल्यावर मशीन गरम असतानाच शेवटचं एकदा फुगा दाबून बघ. काही जोड गार असताना धरतात आणि गरम झाले की सोडतात.

सामान घ्यायला येशील तेव्हा जुना कनेक्टर आणि पायपाचा तुकडा खिशात घालून आण, आणि मशीनच्या ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर कागदावर उतरवून घे. दुकानात नुसतं "पंधरा हॉर्सपॉवरच्या मशीनचा द्या" म्हटलंस तर समोर तीन प्रकार येतात आणि दिसायला तिन्ही सारखेच असतात. फुगा घट्ट राहतो की सैल पडतो तेवढं आधी फोनवर कळव, म्हणजे नीडल आणि गॅस्केटही मागवायचं का ते ठरवता येईल.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मालवणचा दोस्त