गुणांच्या शेजारी मिनिटेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला बडा खेळाडू केव्हिन ड्युरँट ह्यूस्टन रॉकेट्स संघाकडे गेल्याची बातमी आपल्या क्रीडा पानावर गेल्या आठवड्यात सविस्तर आली. एनबीएला एवढी जागा दिल्याबद्दल आधी आभार. मात्र बातमीच्या शेवटी बातमीदाराने एक शेरा मारला होता. रॉकेट्सने ड्युरँटच्या बदल्यात सामन्याला २१ गुण काढणारा जेलन ग्रीन देऊन टाकला आणि ४.४ गुणांचा रीड शेपर्ड मात्र जपून ठेवला, हा व्यवहार अजब आहे, असा त्याचा आशय. शेजारच्या चौकटीत शेपर्डच्या मागून निवडला गेलेला सॅन अँटोनिओचा स्टेफन कॅसल कसा ‘रुकी ऑफ द इयर’ (वर्षातला सर्वोत्तम नवा खेळाडू) झाला, तेही होते. म्हणजे २०२४ च्या ड्राफ्टमधला (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमातला) तिसरा नंबर, अर्थात शेपर्ड, वाया गेला, असेच वाचणाऱ्याला वाटणार.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. नागपुरात जिल्ह्याच्या आणि राज्याच्या स्पर्धांना टेबलावर स्कोअरर म्हणून बसतो. आमच्या स्कोअरशीटवर बास्केट झाली की चालू गुणसंख्येच्या आकड्यावर तिरकी रेघ मारून बाजूला खेळाडूचा नंबर लिहायचा, तीन गुणांची असेल तर त्या नंबराभोवती गोल करायचा. टाइम-आउटची नोंद मिनिटासकट होते. पण खेळाडू मैदानात उतरला की नावापुढे नुसती एक फुली पडते. तो दोन मिनिटे खेळला की पस्तीस, हे त्या कागदावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सामना संपला की पालक टेबलाशी येतात, वाकून मुलाचे गुण मोजतात आणि तोंड पाडून जातात. पोरगा चौथ्या क्वार्टरला शेवटी उतरला होता, हे त्यांनी स्वतः पाहिलेले असते, तरी!

एनबीएत मिनिटांची नोंद असते, मग ती वाचायला काय हरकत आहे? शेपर्ड पहिल्या मोसमात ५२ सामने खेळला, सरासरी १२.६ मिनिटे. कॅसलला मिळाली २६.७ मिनिटे आणि त्याने काढले १४.७ गुण. मिनिटांचा हिशेब लावला तरी कॅसल पुढेच राहतो, ते मी नाकारत नाही. पण ४.४ आणि १४.७ यांत जेवढी दरी दिसते, तेवढी मग उरत नाही.

शेपर्डला मिनिटे का मिळाली नाहीत, याचे उत्तर तो निवडला कसा गेला यातच आहे. तिसऱ्या नंबरचा खेळाडू सहसा गाळात गेलेल्या संघाकडे जातो आणि पहिल्या दिवसापासून खेळतो. इथे ती निवड मूळची ब्रुकलिनची; जेम्स हार्डनला २०२१ मध्ये देताना ह्यूस्टनने ती मिळवली होती. त्यामुळे पोरगा येऊन पडला तो ५२ सामने जिंकणाऱ्या, पश्चिम विभागात दुसऱ्या आलेल्या संघात. त्याच्या जागेसाठी रांगेत आधीच फ्रेड व्हॅनव्हलीट, ग्रीन, अमेन थॉम्पसन. प्रशिक्षक इमे उडोका बचावाच्या बाबतीत कडक, चुका करत शिकायला त्यांच्याकडे वाव नाही. मार्च २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीविरुद्ध नेहमीच्या मंडळींना विश्रांती दिली, तेव्हा शेपर्ड पहिल्यांदा सुरुवातीच्या पाचांत उतरला आणि त्याने २५ गुण काढले. एका सामन्यावरून काही सिद्ध होत नाही, पण हात बसलेला नाही असेही म्हणता येत नाही.

आता ग्रीन का गेला आणि हा का राहिला. इथे गुणांपेक्षा पगार बोलतो. एनबीएत ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, करताना दोन्ही बाजूंचे पगार ठरावीक मर्यादेत जुळावे लागतात. येत्या २०२५-२६ च्या मोसमात ड्युरँटचा पगार आहे सुमारे ५ कोटी ४७ लाख डॉलर. ग्रीनचे ३ कोटी ३३ लाख आणि त्याच्याबरोबर दिलेल्या डिलन ब्रूक्सचे २ कोटी ११ लाख मिळवून पाहा, गणित जवळपास तिथेच येते. शेपर्डचे जेमतेम एक कोटी सहा लाख. त्याला देऊन ड्युरँटचा पगार जुळवायला हातभार तो किती लागणार? उलट असे महागडे खेळाडू आल्यावर स्वस्त करारावरचा नेमबाज हाताशी असणे हीच संघाची गरज असते.

पहिल्या मोसमाचे घसघशीत आकडेही किती फसवे असतात, याचे उदाहरण फिलाडेल्फियाचा मायकल कार्टर-विल्यम्स. २०१३ मध्ये पदार्पणातच विजेत्या मायामी हीटविरुद्ध २२ गुण, १२ असिस्ट (बास्केट करून देणारे पास), ९ स्टील्स (समोरच्याकडून हिसकावलेले चेंडू). मोसमाची सरासरी १६.७ गुण. रुकी ऑफ द इयर अर्थात तोच. पण संघ ८२ पैकी ६३ सामने हरलेला आणि याचा तीन गुणांचा नेम शंभरात सव्वीसच्या आसपास. फेब्रुवारी २०१५ मध्ये फिलाडेल्फियाने त्याला मिलवॉकीकडे पाठवले आणि लेकर्स संघाची पुढच्या एका ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड पदरात पाडून घेतली. तेव्हा बोंबाबोंब झाली. मिलवॉकीनेही दोन वर्षांच्या आत त्याला शिकागोला दिले.

शेपर्डबद्दल माझ्याही शंका आहेत. सहा फूट दोन इंच उंची, समोरचा संघ नेमका त्यालाच गाठून हल्ला चढवतो. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीत, वॉरियर्स संघाविरुद्धची मालिका सात सामने चालली, तिथे उडोकांनी त्याला जवळजवळ बसवूनच ठेवले. केंटकी विद्यापीठाकडून खेळताना तीन गुणांच्या फेकीत ५२.१ टक्के असलेला नेम एनबीएत ३३.८ वर आला, तोही फक्त बेंचवर बसून गंजल्यामुळे आला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

तरीही आत्ता त्याला विकायला काढले तर किंमत पडेल ती बारा मिनिटांची. ग्रीन गेल्याने जी मिनिटे मोकळी झाली, त्यांतली पंधरा-वीस याला द्यावीत, फेब्रुवारीच्या ट्रेडच्या मुदतीपर्यंत पाहावे आणि मग एखादा चांगला उंच खेळाडू मिळत असेल तर खुशाल सोडावा. करारातल्या तिसऱ्या वर्षी शेपर्डला ठेवायचे की नाही, हा निर्णय संघाला ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत घ्यायचा आहे. तो होकारार्थी असेल, याबद्दल मला शंका नाही.

आपल्याला विनंती एवढीच, की एनबीएचे आकडे छापताना गुणांच्या शेजारी मिनिटांचा रकाना द्यावा. जागा पुरत नसेल तर माझ्यासारख्यांचे पत्र एक कमी छापा.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर