आधी किल्ली द्या, मग लिहा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला घड्याळावरचा लेख वाचला. सोमवारी पुन्हा वाचला, म्हटले आपलाच चष्मा चुकत असेल. चष्मा ठीक आहे.

नवोदितांनी घड्याळ आणि सरत्या काळावर ललित कसे लिहावे, याचे धडे आपल्या लेखकमहाशयांनी दिले आहेत. चांगली गोष्ट आहे. पुरवणीत अर्धे पान मोकळे राहिले की कुणीतरी कुणाला तरी काहीतरी शिकवायलाच हवे. पण त्या अर्ध्या पानात मुठीतून निसटणारी वाळू आहे, मागे न वळणारी नदी आहे, दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवणारे बंद घड्याळ आहे (आपल्याच अंकात हे मी यंदा तिसऱ्यांदा वाचले), आणि वर लंडनचे मोठे घड्याळ आहे. इंदूरच्या माणसाला लंडनला कशाला नेता? गांधी हॉल १९०४ पासून इथेच उभा आहे आणि त्याच्या मनोऱ्यामुळे गाव त्याला अजून घंटाघरच म्हणते. बरे, आमच्या लहानपणी घंटाघराकडे बघत होते कोण? मिलचा भोंगा झाला की आई कणीक भिजवायला घ्यायची. पुढच्या भोंग्याला पोळ्या तयार. काळाची नदीबिदी आमच्या चाळीत कुणाला माहीत नव्हती.

हे सगळे मी सोडून दिले असते. वर्तमानपत्र रद्दीत जातेच. पण नमुना म्हणून जो परिच्छेद दिला आहे, त्यात आजोबांच्या लंबकाच्या घड्याळातला सेल संपतो आणि आजोबांचा काळ थांबतो! लंबकाच्या घड्याळात सेल? त्याला किल्ली देतात हो, किल्ली. तबकडीवर दोन भोके असतात, एक चालण्याचे, एक ठोक्यांचे. दोन्हींना वेगवेगळी किल्ली द्यावी लागते, आठ दिवसांतून एकदा. आमच्याकडे तो मान नानांचा होता, दर गुरुवारी, आंघोळ झाल्यावर, स्टुलावर चढून.

१९६८ साली नाना एका लग्नासाठी नाशिकला गेले ते दहा-बारा दिवस तिकडेच राहिले. दादाने जबाबदारीने किल्ली दिली, पण एकाच भोकाला. घड्याळ चालत राहिले, ठोके मात्र मध्येच मुके झाले. नाना आल्यावर त्यांनी दुसरी किल्ली दिली, तर ठोके जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू झाले. काट्यांत चार, ठोके सात. त्या जुन्या मशीनमध्ये ठोक्यांचे चाक काट्यांना विचारत नाही, ते आपले ओळीने मोजत जाते. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. नाना म्हणाले, “तीन वजा करा. तेवढेही येत नसेल तर शाळेत घातले कशाला?” ते मिलमध्ये हिशेबनीस होते.

मग आमचे घर पुढची तीस-बत्तीस वर्षे वजाबाकीवर चालले. नवाला बारा पडायचे, दहाला एक पडायचा. पाहुणे दचकायचे, रात्री निघायची वेळ झाली असे समजून ताट अर्धे टाकून उठायचे (काही पाहुण्यांच्या बाबतीत हे सोयीचेच होते). रात्री जाग आली, अंधारात पाच ठोके पडले, की मनात आपोआप दोन. मी सासरी गेले तिथे बरोबर ठोके देणारे घड्याळ होते, तर वर्षभर माझा सकाळचा चहा चुकत होता.

लेखात ‘टिकटिक’ हा शब्द सात वेळा आला आहे. मोजले मी. पण घड्याळ नीट ओळंब्यात टांगलेले नसले तर ते टिकटिक करत नाही, लंगडते. टक-टक… टक-टक… दिवाळीआधी रंगसफेदी झाली, घड्याळ पुन्हा भिंतीवर गेले की नाना पेटीला कान लावून उभे राहत आणि तळ केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत. तोपर्यंत घरात कुणी भांडे आपटायचे नाही. वैशाखात लंबकाची लोखंडी दांडी तापून जराशी लांबते, घड्याळ आठवड्याला मिनिटभर मागे पडते, म्हणून खालची चक्री वर चढवायची. थंडीत ती परत उतरवायची. उन्हाळ्यात काळ लांबतो म्हणतात ते आमच्याकडे शब्दशः खरे होते. असे काहीतरी शिकवा ना मुलांना! आणि सेलचेच घड्याळ हवे असेल तर तेही बघून लिहा. सेल उतरत आला की सेकंदकाटा बहुतेक वेळा नवाच्या आसपास अडखळतो, कारण तिथे त्याला सरळ वर चढायचे असते. जागच्या जागी थरथरतो, पुढे जात नाही. गुडघे बदलायला झालेल्या माणसाला यात वाळूपेक्षा जास्त काव्य दिसेल.

आता माझे दुःख सांगते, कारण त्यासाठीच पत्र लिहिते आहे. दादाच्या पश्चात ते घड्याळ माझ्याकडे आले. दोन वर्षांपूर्वी बंद पडले. राजवाड्यामागच्या एका दुकानात दिले. नाव लिहीत नाही, त्यांनाही पोट आहे. पंधरा दिवसांनी आणायला गेले तर पोरगा मोठ्या आनंदाने म्हणाला, “माताजी, अब किल्ली का टेन्शन ही खतम। नई मशीन डाल दी। सेल डालो और भूल जाओ।” जुनी मशीन कुठे आहे विचारले, तर म्हणे भंगारवाला घेऊन गेला. सगळे पितळ होते.

आता लंबक झुलतो, पण त्याचा काट्यांशी काहीही संबंध नाही. तो शोभेसाठी वेगळा हलतो. (लेख वाचताना मला याचीच आठवण झाली, राग मानू नये.) तासाला ठोक्यांऐवजी एक विलायती धून वाजते आणि दिवे मालवले की तीही गप्प होते, कारण मशीनला म्हणे उजेड कळतो. म्हणजे रात्री दोनला पाच कुणी वाजवायचे?

नाना गेले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या खाटेभोवती होतो. एक ठोका पडला. तो अर्ध्या तासाचा की दहाचा, हे बघायला कुणी मान वर केली नाही. नंतर डॉक्टरांनी विचारले तेव्हा दादाने अंदाजाने साडेनऊ सांगितले. मी म्हणाले दहा. या मुद्द्यावर आम्ही पुढची अनेक वर्षे, दर श्राद्धाला, वाद घातला. घड्याळ होते तोवर निदान वाद घालायला साक्षीदार होता.

आणि व्याकरण. लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात वेळ आधी ‘सरला’ आहे, मग ‘येऊन ठेपला’ आहे. अहो, सरतो तो वेळ, येऊन ठेपते ती वेळ. माझा वेळ गेला, म्हणजे मी आपला लेख वाचला. वेळ गेली, म्हणजे आता काही उपयोग नाही. घड्याळ फक्त ती वेळ दाखवते, तो वेळ दाखवायचे यंत्र अजून निघायचे आहे. हा भेद मराठीने आपल्याला फुकट दिला आहे आणि ललित लिहायला शिकवणाऱ्याला त्याचा पत्ता नाही. घटका, पळ हेही शब्द लेखात नुसते शोभेला आले आहेत. घटका म्हणजे २४ मिनिटे, पाण्यात बुडणाऱ्या वाटीवर मोजलेली. घटका भरली म्हणतो ती हीच वाटी.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बावीस वर्षे ट्रंक कॉल लावले. तीन मिनिटे झाली, वाढवायचे का, हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन देव जाणे. पलीकडे कुणी रडत असेल तर मी समोरच्या घड्याळाकडे जरा उशिरा बघायचे. आता लिहायला हरकत नाही, पेन्शन सुरू आहे.

घड्याळाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. आपण इंदूर आवृत्तीत सूर्योदय-चंद्रोदयाच्या वेळा मुंबईच्या छापता. इंदूर मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ तीन अंश आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे आमच्याकडे सगळे साधारण बारा मिनिटे आधी उगवते, ऋतुमानाने थोडे कमी-जास्त. इथून ५५ किलोमीटरवर उज्जैन, जिथून आपल्या ज्योतिषांनी शेकडो वर्षे साऱ्या देशाचे रेखांश मोजले, आणि आम्ही संकष्टीला मुंबईच्या चंद्राची वाट बघत उपाशी बसायचे! गेल्या संकष्टीला चंद्र गच्चीवर चांगला हातभर वर आला होता आणि सूनबाई आपला अंक दाखवून म्हणत होत्या, “आई, अजून आठ मिनिटं आहेत.” मोदक गार झाले.

पुढच्या संकष्टीपर्यंत एवढे दुरुस्त व्हावे ही विनंती. लेखाचे काय करायचे ते आपण बघा.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
रामबाग, इंदूर

ता. क. : लेखासोबतच्या चित्रातल्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. जाहिरातीतल्या घड्याळांत तेवढेच वाजलेले असतात. चित्र तिथूनच उचलले ना?